शांतता, कर वेगळा

शनिवार पेठेत शांतता विकायला आली आहे. दोघांचे साधारण सोळाशे रुपये, कर वेगळा, पार्किंग ज्याचं त्यानं बघायचं.

दुकानाचं नाव सांगत नाही. एक तर ते संस्कृत आहे, आणि मोठ्यानं उच्चारलं की समोरचा विचारतो, "हे आसन कंबरेसाठी का?" दुसरं म्हणजे अशी जागा आता एकच उरलेली नाही. मंद प्रकाश, मंद आवाज, मंद वाढप आणि शुद्ध शाकाहार या वाणाची हॉटेलं नदीपलीकडे कधीचीच स्थिरावली. आता भिडे पूल ओलांडून ती अलीकडे शिरली आहेत. तेव्हा खालचं वर्णन कुणा एकाचं नाही. दोन-चार ठिकाणची भांडी एकाच ओट्यावर मांडली आहेत.

दाराशी पितळेचं घंगाळ. घंगाळात पाणी, पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या. एका आजोबांनी त्यातलं पाणी ओंजळीनं घेऊन पाय धुवायला सुरुवात केली, तेव्हा स्वागताला उभी असलेली मुलगी धावत आली आणि अत्यंत शांतपणे घाबरली. आजोबांचं काय चुकलं? दाराशी पाणी ठेवलेलं असलं की पाय धुऊन आत यायचं, एवढंच त्यांना लहानपणी वाड्यात शिकवलं होतं. घंगाळ नुसतं बघायचं असतं हे मागाहून ठरलं.

दार मात्र खरं. सागवानी, पितळी फुल्यांचं, कडी-कोयंड्यासकट. पेठेतले वाडे पडले तशी त्यांची दारं, खांब, तुळया, देवळ्या, एकेक करून मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेल्या. बुधवारी आणि रविवारी तिथे फिरलं तर आपल्याच आत्याच्या माजघराची खिडकी भेटायची. आता तीच खिडकी पॉलिश होऊन, खाली दिवा लावून, पेठेत परत आली आहे. दोन गल्ल्या ओलांडायला तिला मंगळवार पेठेवरून वळसा पडला आणि वळसा घालताना किंमत वाढत गेली. मधल्या काळात वाड्याच्या जागी पाच मजले उभे राहिले. त्या पाच मजल्यांच्या तळाशी, पार्किंग जिथे असायला हवं होतं त्याच्या जरा बाजूला, हे वाड्याचं वातावरण तयार करून घेतलं आहे. म्हणजे आधी वाडा पाडायचा आणि मग इंटिरियरवाल्याला सांगायचं, जरा वाड्यासारखं करा.

मधोमध कारंजं. एका धारेचं, मोटारीवर चालणारं. पलीकडे शनिवारवाड्यात सवाई माधवरावांसाठी केलेलं हजारी कारंजं होतं, सोळा पाकळ्यांच्या कमळाचं. ते बालपेशव्याचं मन रमवायला होतं. हे कशासाठी आहे ते पहिली डिश यायला लागणाऱ्या वेळावरून कळतं. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ सालची, आणि बांधायला १६,११० रुपये खर्च आला असं सांगतात. त्या पैशांत इथे वीस माणसांचं केळवण बसतं, वरचे एकशे दहा रिक्षाला. कर अर्थात पेशव्यांनी वेगळा भरायचा.

मेनूकार्डावर पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की हे जेवण 'इंडियन-इन्स्पायर्ड' आहे. मेलबर्नला किंवा मँचेस्टरला हे समजू शकतो. तिथे ती एक कायदेशीर खबरदारी असते: आईच्या हातासारखं लागलं नाही तर भांडू नका, आम्ही फक्त प्रेरणा घेतली होती. शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या हाकेच्या अंतरावर, भारताकडून प्रेरणा घेण्यासाठी नेमकं किती लांब उभं राहावं लागतं? आई तर वरच दुसऱ्या मजल्यावर आहे. तिला विचारलं असतं तर तिनं प्रेरणा न देता सरळ आमटी दिली असती.

प्रेरित पदार्थ येतात ते काळ्या दगडी पाटीवर. पुण्यात पाटीवर लिहायची पद्धत जुनी, जेवायची नवी. पाटीला कड नसते, त्यामुळे पातळ काही वाढता येत नाही, आणि मराठी जेवणातलं निम्मं जेवण पातळ. त्यावर उपाय काढला आहे. अळूचं फतफतं 'कोलोकेशिया व्हेलुटे' या नावानं काचेच्या उभ्या पेल्यात येतं. फतफतं म्हणजे पंगतीत पानावर वाढलं की पळत सुटणारा पदार्थ. भाताचं आळं करून त्याला अडवायचं, ही जेवणाऱ्याची पहिली परीक्षा. इथे पळायला जागाच ठेवलेली नाही. पिठलं 'सिल्कन बेसन' झालं आहे. भाकरीच्या पातळ चकत्या कापून त्या कडक करून देतात. घरी याला शिळी भाकरी म्हणत आणि दुधात कुस्करून संपवत. ठेचा एका बाजूला हिरव्या ठिपक्याएवढा. शाकाहारी पाकिटावर चौकोनात जो हिरवा ठिपका छापायचा कायदा आहे, तो बहुधा ठेच्याच्या रूपानं इथे पाळला जातो.

लिंबाची फोड उजवीकडे होती. मी काही बोललो नाही, पण शेजारच्या टेबलावरच्या आजींनी पाटी उचलून अर्धी फिरवली आणि पुन्हा ठेवली. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, हे त्यांना कुणी छापून दिलेलं नव्हतं. फिरवल्यावर भाजी डावीकडे गेली. मग त्यांनी पाटीचा नाद सोडला आणि चमचा हातात घेतला.

सगळ्यात मोठं कोडं कटाच्या आमटीचं. शॉटग्लासात येते, वर कढीलिंबाचं एक पान, तिरकं. रोज मिळते. पुरणपोळी मात्र रोज नाही; तिच्या जागी 'पुरणपोळी चीजकेक', तोही शनिवार-रविवार. आता पुरणाची डाळ शिजवून निथळलेलं पाणी म्हणजे कट. पुरण नाही तर कट कुठून येतो? पेठेतल्या कुठल्याही सुनेला पहिल्या घासाला पडेल असा हा प्रश्न. मी तो वाढणाऱ्या मुलाला विचारला. मुलगा अल्मोड्याकडचा, अत्यंत नम्र. तो म्हणाला, "सर, शेफ की अपनी रेसिपी है." १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' छापून आलं, १९७० साली कमलाबाई ओगले यांनी 'रुचिरा'त वाटी-चमच्याचं प्रमाण देऊन घरापासून लांब पडलेल्या नव्या सुनांना तारलं. शंभर वर्षं मराठी पाकशास्त्र हे गुपित फोडण्यात गेलं. ते आता पुन्हा झाकलं गेलं आहे, आणि झाकण्याचे पैसे आपण देतो.

असो. आता मूळ मालाकडे वळू. मूळ माल जेवण नव्हेच, शांतता.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. शाळा, रुग्णालयं, न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवता येतं आणि तिथे दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०, एवढीच मुभा. १८८० साली विष्णुशास्त्री आणि टिळकांनी काढलेली न्यू इंग्लिश स्कूल आज इथेच रमणबागेत भरते, मुलींची अहिल्यादेवी इथेच. नकाशावर कंपास ठेवून वर्तुळं काढली तर निम्मी पेठ कागदावर शांत निघते. मग प्रत्यक्षात काय होतं? जुलै लागला की नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. त्यातलं एक नामांकित पथक रमणबागेच्याच नावाचं. म्हणजे ज्या शाळेमुळे शांतता क्षेत्र व्हायचं, त्याच शाळेच्या नावानं ते मोडायचं. बाहेरच्या कुणाची मदत लागत नाही. २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादानं एका पथकात तीसच जण असा दंडक घातला होता. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली आणि पेठेचा आवाज दिल्लीहून शिक्कामोर्तब होऊन परत आला.

या परिस्थितीत शांतता विकायला बसणं म्हणजे धाडस. ते त्यांनी दुहेरी काचा लावून केलं आहे. आत बसलं की बाहेरचा ढोल दिसतो, ऐकू येत नाही. ऐकू येतो पक्ष्यांचा किलबिलाट, रेकॉर्ड केलेला, मधून सतारीचा एखादा स्वर, जो पुढच्या स्वराकडे कधीच जात नाही. खरे पक्षी हवे असतील तर पलीकडे ओंकारेश्वराच्या घाटावर कावळे आहेत. दशक्रियेला बसलेली मंडळी तिथे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत असतात. इथे पहिल्या डिशची वाट बघणाऱ्या चेहऱ्यांवर हुबेहूब तोच भाव असतो, आणि गेलेल्याची कुठली इच्छा राहिली असेल याचा तसाच अंदाज चाललेला असतो.

याच पेठेत गुपचूप गणपतीही आहे. त्याच्याकडे शांततेचे पैसे घेत नाहीत.

खरं तर पेठेकडे अस्सल शांतता होती, आणि ती फुकट होती. दुपारी एक ते चार. पुण्याबाहेरच्यांनी त्या तीन तासांची एवढी थट्टा केली की आम्हीच कानकोंडे झालो. पण कुणीतरी आठवून बघा ती दुपार. अर्ध्यावर ओढलेली शटर्स, बोळात एक सायकल भिंतीला टेकलेली, वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी पंख्याची कुरकुर, आणि गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस आपणहून पाय न वाजवता परत जाई. त्या शांततेत दुकानदार झोपायचा, गिऱ्हाईक ताटकळायचं आणि दोघांनाही आपापली जागा कळायची. मग २०१७ च्या जुलैत चितळे बंधूंनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं आणि त्याची बातमी झाली. देशभर झाली. बाकरवडी दुपारी दोनला मिळायला लागली आणि शहराची झोप कायमची मोडली. आता साधारण त्याच वेळेत, बारा ते साडेतीन, हे शांत हॉटेल उघडं असतं. जी झोप आम्ही टीकेला घाबरून सोडली, तिचा सांगाडा त्यांनी उचलला, उशी लावली आणि 'स्लो लंच' म्हणून मांडला.

आणि जेवताना गप्प बसणं हेही पेठेला नवं नाही. फक्त त्याचा इतिहास तितकासा सुगंधी नाही.

शिकायला पुण्यात आलेली गरीब मुलं वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, शनिवारी तिसऱ्या. एखादा वार मिळाला नाही तर त्या दिवशी पाणी पिऊन अभ्यास. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं तेव्हा तिथली मुलं झोळी घेऊन माधुकरी मागायची. लोकांच्या ओसरीवर पान मांडलेला तो मुलगा काय बोलणार? भात कच्चा आहे म्हणणार? आमटी आणखी वाढा म्हणणार? तो मान खाली घालून जेवायचा आणि घरातली माणसं म्हणायची, मुलगा फार शांत आहे हो. त्या शांततेचं कुणी कौतुक करू नये. ती मिंधेपणाची होती.

खाणावळीत गोष्ट बदलली. तिथे महिन्याचे पैसे मोजलेले, त्यामुळे तोंड उघडायचा हक्क आला, आणि तो लोकांनी मनमुराद वापरला. भाजीत बटाटा जास्त, ताक पांढरं पाणी, काल हीच आमटी होती, परवाही हीच होती. लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाउस १९३५ सालचं. ते सुरू करणारे नानासाहेब सरपोतदार हे मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक. त्यांच्या गेस्ट हाउसात मात्र नट, लेखक, गवई अशी बोलून बोलून घसा बसलेली मंडळी यायची. टिळक रस्त्यावरच्या बादशाहीत आजही माणूस पटकन जेवतो आणि उठतो, कारण मागचा उभा असतो. तिथेही कधीकधी क्षणभर शांतता पडते. ती भूक लागल्यावर पहिल्या चार घासांना पडते तेवढीच. पाचव्या घासाला कुणीतरी म्हणतंच, "अहो, वरण आणा की!"

हे "आणा की" इथे ऐकू येत नाही. पंगतीतला वाढपीच नाही, आणायचं कुणी? एका हातात बादली, दुसऱ्यात ओगराळं, पंगतीतून तिरका चालणारा, नजर पानावर आणि कान दुसऱ्या पंगतीत असा तो माणूस. नको म्हणून पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून भात सोडणारा. पुणेकर आग्रह करत नाही असा आमच्यावर जुना आरोप आहे. "जेवूनच आला असाल" हे वाक्य आमच्या तोंडी इतक्यांदा घातलं गेलं आहे की आता आम्हीच ते कौतुकानं म्हणतो. या हॉटेलनं त्या वाक्याला वातानुकूलित रूप दिलं. मोजकं वाढायचं, पुन्हा विचारायचं नाही, पाहुण्याच्या नजरेला नजर द्यायची नाही, आणि वर याला जगभर 'माइंडफुल' म्हणतात असं सांगायचं. आमच्या आज्या आयुष्यभर माइंडफुल होत्या हे त्यांना कुणी वेळेवर कळवलं नाही.

बरं, आत बसलेलं कोण असतं? खराडी-हिंजवडीकडून आलेली पेठेचीच नातवंडं, ज्यांना आजोळ आठवतं पण आजोळी मुक्काम नको असतो. न्यू जर्सीहून तीन आठवड्यांसाठी आलेला चुलतभाऊ, ज्याला तिखट सोसत नाही आणि पाण्याची भीती वाटते. एखादी साखरपुड्याआधीची बैठक, ज्यात दोन्हीकडचे काका कारंज्याकडे बघत बसतात. पेठेत आजही पाच मजले जिना चढून जाणारा दूधवाला, रस्त्यावर पुस्तकांचे गठ्ठे उतरवणारे अप्पा बळवंत चौकातले हमाल, क्लासला आलेली लातूर-नांदेडची स्पर्धापरीक्षावाली पोरं, यांतलं कुणी आत दिसत नाही. दारावर तसं काही लिहिलेलं नाही. पुण्यात एवढं एकच दार असं आहे ज्यावर काही लिहिलेलं नाही, आणि तरी सगळ्यांना बरोबर वाचता येतं.

एके काळी हे काम सोवळं करायचं. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या पुण्यातल्या प्रतिष्ठितांना चहा-बिस्किटं दिली गेली. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची यादी वर्तमानपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. एका कपासाठी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. कुणाच्या हातचं, कुणाच्या पंक्तीला, कुठल्या कपातून, याचा हिशेब हे शहर असा ठेवायचं. त्याच शहरात त्याआधी बावीस वर्षं, १८६८ साली, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला करून दिला होता. ते सांगायचं सोडून आम्ही चहाचीच गोष्ट रंगवून सांगतो, मीही आत्ता तेच केलं. तर सोवळं गेलं. त्याची जागा दरपत्रकानं घेतली. दरपत्रक कुणाला जात विचारत नाही, हे खरं. त्याला विचारावीच लागत नाही. शांतता, शुद्धता आणि शाकाहार हे तीन शब्द एकाच पाटीवर शेजारी-शेजारी दिसले की मला भूक लागण्याआधी पोटात थोडं ढवळतं. शाकाहाराशी माझं भांडण नाही. मी स्वतः वांग्याचा माणूस आहे. पण वांगं कधी शुद्ध असल्याचं मी ऐकलेलं नाही.

शेवटी बिल येतं. तेही हातकागदावर, दोरीनं बांधलेलं, दोरीत एक तुळशीची मंजिरी. उघडेपर्यंत माणूस भावुक होतो. अडीच टक्के केंद्राचे, अडीच राज्याचे, ते ठीक आहे. कर चुकवायला आपण काय व्यापारी आहोत का. त्याखाली मात्र एक ओळ असते: 'कृतज्ञता, दहा टक्के'. म्हणजे सेवाशुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं आहे की हॉटेलनं हे शुल्क आपोआप बिलात घालायचं नाही, दुसऱ्या नावानंही घालायचं नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. तेव्हा ग्राहक म्हणून तुम्हाला पूर्ण हक्क आहे की तुम्ही हात वर करावा आणि म्हणावं, "ही कृतज्ञता काढा."

म्हणून बघा. मंद प्रकाश, सतारीचा अडकलेला स्वर, शेजारी साखरपुड्याची बोलणी, समोर हात जोडून उभा असलेला अल्मोड्याचा मुलगा. "कृतज्ञता काढा" हे वाक्य त्या हवेत कसं वाजेल? शंभर टक्के पुणेकर, ज्यानं दहा रुपयांच्या सुट्ट्यांवरून पीएमटीच्या कंडक्टरशी स्वारगेटपर्यंत वाद घातला, जो कोथिंबिरीच्या जुडीसाठी मंडईच्या तीन फेऱ्या मारतो, तो इथे कार्ड पुढे करतो आणि वर "थँक यू" म्हणतो. दुहेरी काच आवाज बाहेर ठेवायला लावली आहे असं मला आधी वाटायचं. ती आपला आवाज आपल्याच आत ठेवायला आहे. वार लावून जेवणाऱ्या मुलाला मिंधेपणानं गप्प केलं होतं. आम्हाला कारंज्यानं केलं. फरक एवढाच की त्याचं जेवण फुकट होतं.

जेवण कसं होतं ते राहिलंच. वाईट नव्हतं. वाईट असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. भाज्या ताज्या होत्या, तूप खरं होतं, सोलकढी तर इतकी उत्तम होती की मी दोनदा मागवली आणि दोन्हीदा बिलात सापडली. पण सगळ्याला एक अळणीपणा होता, मिठाचा नव्हे. काहीतरी कमी होतं आणि ते सापडत नव्हतं. घरी गेल्यावरही सापडेना. अखेर ते त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका ओळखीच्या काकूंनी सांगितलं.

फोडणी. तिथे फोडणीच देत नाहीत.

झालं असं, की हॉटेल सुरू झालं तेव्हा शेफनं पहिल्याच दिवशी मोठ्या कढईत मोहरी, हिंग, लाल मिरची अशी दणदणीत फोडणी केली. धुराडं निघतं दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीशी. खाट पाचव्या मजल्यापर्यंत गेला. दुपारी दोनची वेळ, वर मंडळी नुकती आडवी झालेली. सगळी इमारत खोकत उठली. संध्याकाळी सोसायटीची तातडीची सभा, गणसंख्या पूर्ण, इतिहासात पहिल्यांदा. ठराव झाला, नोटीस गेली: व्यावसायिक गाळेधारकाने दुपारी एक ते चार या वेळेत फोडणी देऊ नये. मालकानं वकिलाला विचारलं, वकील म्हणाला, लढू नका, ते पेठेतले आहेत. मग शेफनं सगळं जेवणच बिनफोडणीचं बसवलं आणि मेनूवर छापून टाकलं, 'सात्त्विक'.

तेव्हा ते व्हेलुटे, ती हलक्या पावलांनी येणारी आमटी, यामागे ना आयुर्वेद होता ना जपान. सोसायटीचा ठराव होता. शनिवार पेठेनं दुपारची झोप परत मिळवली, तीही दुसऱ्याच्या खर्चानं, आणि गिऱ्हाईक त्याला साधना समजून पैसे मोजून जातं. काकूंनी हे मला अगदी साध्या आवाजात सांगितलं, त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

सोसायटीचे सचिव दर गुरुवारी तिथे जेवायला जातात. सवलतीत. त्यांच्या पाटीवर तेवढी तळलेली सांडगी मिरची असते, न मागता, आणि चार वाजून गेल्यावर.